दोनदा डावा, एकदा उजवा

१

घरात शिरण्याआधी लाइल पायरीवर बूट आपटायचा. दोनदा डावा, एकदा उजवा. उजव्या गुडघ्यात डॉक्टरांनी ऐन तरुणपणीच धातूचा सांधा बसवला होता, त्यामुळे तो पाय जरा जपून, पायरीची माफी मागितल्यासारखा पडायचा. धप, धप, मग थोडं थांबून, धप. कोरिनने हा आवाज एकोणचाळीस हिवाळे ऐकला होता. तो झाला की तिचा हात आपसूक कॉफीच्या किटलीकडे जाई. लाइल बूट काढून, टोपी खुंटीला अडकवून, हात धुवून टेबलाशी येईपर्यंत कॉफी पिण्याजोगी झालेली असे.

अमेरिकेतल्या मोन्टानाच्या त्या उत्तर टोकाला, जिथे शेजाऱ्याचा दिवा दिसला तर आभाळ स्वच्छ आहे असं समजायचं, कुणी दार वाजवत नसे. दार वाजवतो तो परका. विमा विकणारा, नाहीतर धर्माची पत्रकं वाटणारा. आपला माणूस बूट आपटतो, दार ढकलतो आणि आत येतो.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी कोरिन नाताळासाठी लेफ्सा लाटत होती. लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. लाइलची आजी नॉर्वेहून येताना ट्रंकेत लाटणं घेऊन आली होती, तेच लाटणं अजून चालत होतं. साडेचार वाजले होते आणि बाहेर काळवंडून आलं होतं. पायरीवर आवाज झाला. धप, धप, धप. पिठाच्या हातानेच तिने कप काढला, कॉफी ओतली आणि पुन्हा पोळी उलटायला वळली.

दार उघडलं नाही.

दुसरी पोळी झाली, तिसरी झाली. कॉफीवर पापुद्रा धरायला लागला. मग पुन्हा पायरीवर धप, धप. धप झालं, दार उघडलं आणि लाइल थंडीचा लोट घेऊन आत आला. कपाला ओठ लावून त्याने तोंड वाकडं केलं.

"ही कुणाची उष्टी?" तो म्हणाला.

"तुझीच. मघाशी आलास तेव्हा ओतली होती."

"मघाशी मी गाईंना चारा टाकत होतो. इतका वेगवान असतो तर तुझ्या बापाने मला धावायच्या शर्यतीत उतरवलं असतं, जावई केलं नसतं."

कोरिन हसली. पण भांडी विसळताना तिने खिडकीचा पडदा सारून पाहिलं. दुपारभर भुरभुरलेल्या बर्फावर गोठ्यापासून पायरीपर्यंत एकाच माणसाची पावलं उमटली होती, आणि ती एकदाच आली होती.

२

कोरिनने तीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलं होतं. भुताखेतांशी तिचं कधी देणंघेणं नव्हतं. थंडीने फळ्या आकसतात आणि तडतडतात, हे तिला ठाऊक होतं. वळचणीचं बर्फ सुटून पायरीवर पडतं, हेही. पण फळी दोनदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, मधे दम खाऊन, तडतडत नाही.

पुढच्या आठवड्यात ते चारदा झालं. पहिल्यांदा लाइल दहा मिनिटांनी आला होता. आता पाऊण तासाने येऊ लागला. एका दिवशी भर दुपारी बूट वाजले आणि लाइल उगवला साडेचारला. ती प्रत्येक वेळी दाराशी जाऊन पाही. पोर्च रिकामा असे, बर्फ कोरा असे, आणि त्याचा कप मागे टेबलावर वाफाळत असे. ओतायची नाही असं ठरवूनही हात ओतून मोकळा व्हायचा.

शेवटी तिने सगळ्यात शहाणपणाचा निष्कर्ष काढला, आणि तोच सगळ्यात भयंकर निघाला. कुणीतरी माणूस होता. शरद ऋतूत आसपासच्या तीन शेतांतून डिझेल चोरीला गेलं होतं. एक कुटुंब रविवारी चर्चला गेलं असताना त्यांचं घर फोडलं होतं. या माणसाने कुठूनतरी, कणगीच्या आडून म्हणा, लाइलला घरात शिरताना बरेच दिवस न्याहाळलं असणार. आणि तो शिकला असणार. घरी कोण आहे, कोण दाराशी येतं, किती वेळात येतं, हे तो तपासत असणार. फोन केला तर शेरीफचा पोलीस पोचायला पन्नास मिनिटं, तीही रस्ता उघडा असेल तर.

"आपण बंदूक घेऊया," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली.

लाइलने काटा खाली ठेवला. नाही म्हणायच्या आधी तो नेहमी काटा खाली ठेवायचा. घरात बंदूक नसलेला तो त्या तालुक्यातला एकटाच शेतकरी असावा. हरणाच्या शिकारीच्या मोसमात लोक त्याला चिडवत, की हरणं तुझ्या शेतात येऊन आजारी रजा काढतात. तो हसून सोडून देई. कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी फार ताणत नसे.

ते कारण त्याच स्वयंपाकघराच्या दारात होतं. छातीच्या उंचीवर लाकडात बशीएवढं ठिगळ होतं, त्यावर रंगाचे सात-आठ थर बसले होते. डोळ्यांना दिसत नसे, अंगठ्याला लागे. लाइल नऊ वर्षांचा असताना त्याच्या बापाने त्या दारातून बार काढला होता. बाहेर त्याचा सख्खा भाऊ आर्ने उभा होता. शिकारीहून दोन दिवस आधी परतला होता आणि बूट आपटून नेहमीसारखा आत यायला निघाला होता. बापाला वाटलं, आर्ने तर डोंगरात आहे. मग हा कोण? आर्नेकाका वाचला. पुढची तीस वर्षं तो दर रविवारी त्याच टेबलावर डाव्या हाताने जेवला, उजवी बाही टाचणीने वर खोचून. त्याचं मांस लाइलचा बाप कापून द्यायचा. दोघे भाऊ त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

"काकाने एकदाच सांगितलं मला," लाइल म्हणाला. "म्हणाला, मी हाक मारायला हवी होती रे. पण वाटलं, भावाला माझे बूट कळतील."

कोरिनने त्याच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "मला दिवसभर एकटीला राहावं लागतं, लाइल. मला भीती वाटते."

एकोणचाळीस वर्षांत ती हे वाक्य पहिल्यांदा म्हणत होती. लाइलने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, शनिवारी थेल्माकडे जाऊ. नुसतं बघून येऊ.

३

थेल्मा क्रेमरचं दुकान म्हणजे पुढे बियाणं, हातमोजे आणि वासरांच्या दुधाच्या बाटल्या, आणि मागे बंदुका. थेल्मा सत्तरीची होती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि ज्याला जे हवं ते विकायच्या आधी त्याला दहा प्रश्न विचारायची तिची रीत. लाइलला मागच्या भागात शिरताना पाहून तिने चष्मा वर सरकवला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," ती म्हणाली.

तिने कोरिनच्या हातात आधी पिस्तूल दिलं. कोरिनच्या बोटांना संधिवात होता, वरची पट्टी मागे ओढताना तिचा चेहरा आक्रसला. थेल्माने निमूट पिस्तूल काढून घेतलं. रायफल दाखवलीच नाही. म्हणाली, गोळी भिंतीतून जाऊन तुमच्याच गाईला लागेल, आणि गाय माझ्यावर दावा लावेल. शेवटी तिने आखूड दस्त्याची, बारीक नळीची पंप शॉटगन काउंटरवर ठेवली. नळीखालची लाकडी पकड एकदा मागे ओढून पुढे ढकलायची, की काडतूस नळीत चढतं. खटक्-खटाक.

तो आवाज ऐकून दुकानातली दोन गिऱ्हाईकं मान वळवून बघायला लागली.

"बघ," थेल्मा म्हणाली, "नव्वद टक्के काम हा आवाजच करतो. हा ऐकून जो थांबतो तो चोर. जो थांबत नाही तो बहिरा किंवा नवरा."

लाइल पहिल्यांदाच हसला. दुकानात शिरल्यापासून तो हात खिशात घालून उभा होता, दवाखान्यात बायकोसोबत आलेला पुरुष उभा राहतो तसा. आता त्याने हात बाहेर काढले. कोरिनच्या मागे उभं राहून तिच्या खांद्यात दस्ता नीट बसवला, तिची कोपरं जरा खाली आणली. लहानपणी बापाने शिकवलेलं त्याचे हात विसरले नव्हते. त्याच्या हनुवटीची दाढी तिच्या कानाला टोचत होती. लग्नाआधी त्याने तिला असंच मागे उभं राहून ट्रॅक्टरचे गियर शिकवले होते, हे दोघांनाही एकाच वेळी आठवलं असावं, कारण थेल्मा म्हणाली, "माझं दुकान आहे हो हे, लॉज नाही."

मग तिने तिचे प्रश्न काढले. घरात कोण कोण? दोघंच. किल्ली कुणाकुणाकडे? कुलूपच नाही. न सांगता आत येणारं कुणी?

"कुणी नाही," कोरिन म्हणाली.

"मी," लाइल म्हणाला.

त्याने एक अट घातली. नळी रिकामी राहील. काडतुसं खालच्या नळकांड्यात असू देत, पण बार काढायचा तर आधी ती पकड ओढावी लागेल, म्हणजे बाहेर जो कोणी असेल त्याला कळेल. थेल्मा म्हणाली, आज पहिल्यांदा कुणीतरी अक्कल घेऊन आलंय. तरी लाइलने आठवडाभराची मुदत मागितली. कोरिनने मान डोलावली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, तू आलास एवढंच पुष्कळ झालं.

४

गुरुवारी दुपारी लाइल गवताच्या गासड्या आणायला तीस मैलांवर गेला होता. कोरिन बटाटे आणायला तळघरात उतरली. तळघराचं छत म्हणजे स्वयंपाकघराची जमीन. वर कुणी चाललं तर खाली एकेक पाऊल मोजता येई.

पोत्यात हात घालून ती मऊ पडलेले बटाटे वेगळे काढत होती, तेव्हा पायरीवर बूट वाजले. धप, धप, धप.

ती तशीच वाकलेली राहिली. नंतर वर, अगदी तिच्या डोक्यावर, दुसरा आवाज झाला. पाच दिवसांपूर्वी तिला तो ओळखता आला नसता. खटक्-खटाक.

मग काही नाही. शांतता इतकी लांबली, की शेगडीत लाकूड खचल्याचा आवाज खाली आला. तिने श्वास रोखला होता हे छाती दुखायला लागल्यावर तिला कळलं.

मग किटलीच्या तोटीचा आवाज आला, आणि टेबलावर कप ठेवल्याचा. एक कप.

ती दुसऱ्याची वाट बघत राहिली. आधी लाइलचा कप आणि मग तिचा, हा त्या टेबलाचा रिवाज होता. दुसरा कप ठेवला गेला नाही.

शेवटी हातात बटाटा घट्ट धरून, जणू तेच हत्यार, ती जिना चढली. स्वयंपाकघर रिकामं होतं. दार लावलेलं होतं. कप खिळ्यांना टांगलेले, कोरडे. घरात बंदूक नव्हतीच. ती थेल्माच्या मांडणीवर होती. कोरिनने खुर्चीत बसून स्वतःला समजावलं. दुकानातला आवाज डोक्यात बसला असेल. म्हातारपण असेल. आई याच वयात उकळत्या भांड्यांशी बोलायला लागली होती.

पण तिच्यातली शिक्षिका तिला सोडेना. पहिल्या दिवशी कॉफी दहा मिनिटं आधी ओतली गेली होती. मग पाऊण तास आधी, मग अर्धा दिवस आधी. जे आधी ऐकू येत होतं ते नंतर होत होतं. अंतर वाढत होतं, एवढंच. आणि आता तिने ऐकलं होतं, की त्या घरात बूट वाजतील, बंदूक भरली जाईल, आणि त्यानंतर एकच माणूस कॉफी पिईल.

५

"राहू दे ना," शनिवारी थेल्माच्या काउंटरपाशी ती म्हणाली. "मला आता नको वाटतेय."

लाइलने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले, ओठ सुकलेले. आठवडाभर तो ते बघत होता. त्याला वाटलं, ही माझ्यासाठी नको म्हणतेय. आर्नेकाकाच्या बाहीसाठी नको म्हणतेय. आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"माझ्यावर उपकार करू नकोस," तो हळूच म्हणाला. "तुला भीती वाटते म्हणालीस. मला तेवढं पुरे आहे."

"लाइल, खरंच नको."

"कोरिन, मी तुला चाळीस वर्षांत काय दिलं? एक कपडे धुवायचं यंत्र, तेही दुरुस्त केलेलं. हे घेऊ दे मला."

यावर तिने काय सांगायचं होतं? तळघरात मी आपलं उद्या ऐकलं, असं? थेल्मा कागद पुढे सरकवून वाट बघत होती. लाइलने आपल्या मोठ्या, सावकाश अक्षरात एकेक रकाना भरला. थेल्माने फोनवरून सरकारी तपासणी उरकली, आणि खोकं त्याच्या हातात देताना नेहमीचं बजावलं: समोर कोण आहे हे डोळ्यांनी दिसेपर्यंत बोट चापाबाहेर.

घरी आल्यावर लाइलला आणखी एक कल्पना सुचली, आणि ती कोरिनला फार शहाणी वाटली. यापुढे तो बूट आपटणारच नाही. दाराशी केरसुणी ठेवायची. केरसुणीने बूट झाडायचे आणि गुपचूप आत यायचं. म्हणजे पायरीवर धप झालं, की तो लाइल नव्हे. हिशेब साफ.

केरसुणीचा मुहूर्त झाला आणि त्या दिवसापासून बूट वाजायचे थांबले. एक आठवडा, दोन आठवडे, पाच आठवडे. नाताळ झाला, लेफ्सा संपल्या. लाइल म्हणायचा, बघ, चोराने थेल्माचं खोकं पाहिलं आणि कॅनडात पळाला. कोरिन रात्री झोपू लागली. तळघरातलं ती जवळजवळ विसरली. बंदूक दारामागच्या अरुंद कपाटात उभी असे, नळी रिकामी, आणि त्या कपाटातला झाडू शेगडीमागे राहायला गेला होता.

६

जानेवारीच्या शेवटी दुपारपासूनच वारा उठला. तीन वाजता गोठा दिसेनासा झाला, साडेतीनला कुंपण, चारला पायऱ्याही. खिडकीला बाहेरून पांढरी चादर लावल्यासारखं झालं होतं. लाइल गाईंना आडोशाला घ्यायला गेला होता. वारा मधेच ओसरला की गोठ्यातला दिवा पांढऱ्यातून पिवळ्या डागासारखा दिसत होता, म्हणजे तो अजून तिथेच होता.

कोरिन शेगडीपाशी उभी होती. पायरीवर धप, धप झालं.

तिचा हात किटलीकडे गेलासुद्धा. मग तिसरा, जपून पडलेला, धप.

तिला पाच आठवड्यांपूर्वीचा हिशेब आठवला. लाइल बूट आपटत नाही. लाइल गोठ्यात आहे, दिवा दिसतोय. तिने किटली ठेवली. कपाट उघडलं. बंदूक बाहेर काढली. दस्ता खांद्यात तसाच बसला जसा लाइलने बसवला होता, आणि तिने पकड मागे ओढून पुढे ढकलली. खटक्-खटाक.

बाहेर काहीही हललं नाही. दाराची मूठ फिरली नाही. वारा घराला हलवत होता. नळी दारावर रोखलेली होती, छातीच्या उंचीवर, आणि तिला कळलं की ती नेमकी त्या ठिगळावर रोखलेली आहे.

शेगडीत लाकूड खचलं. तो आवाज ऐकून तिला सगळं आठवलं. हीच शांतता. हिच्याखाली ती एकदा बटाटे निवडत बसली होती. आत्ता या क्षणाला खाली तळघरात आपण वाकून उभ्या आहोत, श्वास रोखून, असं तिला वाटून गेलं, आणि पायांखालची फळी गार लागली.

बोट चापाबाहेर होतं. ते आत सरकायला निघालं होतं.

आणि तिला आठवलं: तेव्हा मधे बार झाला नव्हता.

तिने तळघरात पुन्हा पुन्हा कप मोजले होते. एक, एक, एकच. कप मोजण्याच्या नादात तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, की बंदूक भरल्याच्या आवाजानंतर तिने बार ऐकलाच नव्हता. बटाट्याच्या पोत्यापाशी उभ्या बाईला बार ऐकू आला नाही असं होणं शक्य नव्हतं. गणित इतकं सोपं होतं, आणि तिने उत्तर चुकवलं होतं.

तिने बंदूक लेफ्साच्या पोळपाटावर आडवी ठेवली. किटली घेतली. एक कप काढला, कॉफी ओतली आणि टेबलावर ठेवला. तो आवाज तिने ओळखला. येऊ दे जो असेल तो, म्हणून तिने जाऊन दार उघडलं.

दारासमोर कुणी नव्हतं. डाव्या बाजूला, भिंतीला पाठ घट्ट टेकून, दोन्ही हात वर केलेला, भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरा झालेला लाइल उभा होता. तो तीनदा ओरडला होता. वाऱ्याने तिन्ही हाका नेल्या होत्या.

"केरसुणी उडून गेली," तो म्हणाला. ओठ बधिर झाल्याने शब्द जाड निघत होते. "दिवा विझवायचा राहिला. आणि मग पाय... एकोणचाळीस वर्षांची सवय गं. आपटल्यावर आठवलं." थोडं थांबून त्याने विचारलं, "आत कॉफी आहे, की आर्नेकाकाचंच जेवण?"

तिने त्याला कोटाच्या कॉलरला धरून आत ओढलं आणि बर्फासकट मिठी मारली. बर्फ वितळून तिचे कपडे ओले होईपर्यंत तिने त्याला सोडलं नाही. मग त्याला टेबलाशी बसवून तिने पहिल्या कपापासून तळघरापर्यंत सगळं सांगितलं. तो मधे एकदाही विनोद करू शकला नाही. सांगून झाल्यावर तो उठला, काडतुसं बाहेर काढली, आणि दाराच्या ठिगळावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिला. तिच्यावर त्याचा विश्वास बसला की नाही, हे तिला कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, की थंडीने माणसाला काहीही ऐकू येतं. पण त्या रात्री झोपताना त्याने तिचा हात सोडला नाही.

७

रस्ता उघडल्यावर त्यांनी बंदूक थेल्माला परत दिली. थेल्माने कारण विचारलं नाही. "परत आणणाऱ्यांना मी कॉफी देते," ती म्हणाली, "नेणाऱ्यांना नाही." तिघांनी बियाण्याच्या पोत्यांवर बसून ती प्यायली.

लाइल पुन्हा बूट आपटू लागला. दोनदा डावा, एकदा उजवा, आणि वर दाराबाहेरूनच ओरडायचं, "मी आलोय, नवरा तोच आहे." कोरिन आतून म्हणायची, "बदलून मिळत नाही म्हणून चालवून घेतेय." फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ज्या आवाजामागे माणूस नाही असा आवाज पुन्हा झाला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ जाऊन चिखल आला आणि उजेड लांबला. एका संध्याकाळी, ऊन अजून टेबलावर होतं तेव्हा, लाइल पेरणीचं यंत्र वंगण घालून लवकर परत आला होता. दोघांपुढे दोन कप होते. त्याने मोज्यातले पाय टेबलाखाली तिच्या पायांवर ठेवले होते, हा त्याचा जुना चावटपणा. गव्हाऐवजी यंदा एका तुकड्यात मसूर लावावा का, यावर तो बोलत होता.

पायरीवर बूट वाजले. धप, धप, मग बराच वेळ थांबून, धप.

लाइलचं वाक्य अर्धं राहिलं. आजवर हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो नेहमी बाहेर, आवाज करणाऱ्याच्या जागी असायचा. त्याने खाली स्वतःच्या मोज्यांकडे पाहिलं.

दार उघडल्याचा आवाज झाला. दार बंदच होतं. टोपी खुंटीला अडकल्याचा आवाज झाला. खुंटीवर लाइलची टोपी होती ती तशीच राहिली. नळ वाजला. सिंकपाशी लटकवलेला टॉवेल जरासा हलला, हात पुसल्यावर हलतो तसा.

मग आवाज आला. लाइलचाच, पण खरखरीत, अजून कितीतरी वर्षं वापरून झिजलेला.

"कोरिन?"

कात्री कुठे आहे विचारावं तसा. पावलं टेबलाजवळून गेली, उजवा पाय ओढत. बैठकीच्या खोलीतून पुन्हा, "कोरिन?" मग जिना, एकेक पायरी, प्रत्येकीवर दम खात. वर झोपायच्या खोलीचं दार करकरलं.

तिसरी हाक आली नाही लगेच. आली तेव्हा ती हाकेसारखी नव्हती.

लाइलचा चेहरा पांढरा पडला होता. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, आणि हे उत्तर आपण द्यायचं नाही हे कळल्यासारखं मिटलं. कोरिनने दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. वंगणाने काळा, ऊबदार, जिवंत. तिने वर छताकडे पाहिलं, जिथे पावलं पलंगाच्या तिच्या बाजूला येऊन थांबली होती, आणि चिखलाच्या बुटांनी घरभर फिरणाऱ्या माणसाशी बोलावं तशा नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"इथे आहे रे मी. खाली. कॉफी ओतलीये."

वर सगळं शांत झालं. ऐकू आलं तरच माणूस असा शांत होतो. मग हळूहळू, उजवा पाय जपत, पावलं जिन्याकडे यायला लागली.